दुखणं आपलं, कागद कुणाचा?

मैत्रिणींनो, घरातले दागिने कोणत्या डब्यात आहेत हे आपण सख्ख्या जावेलासुद्धा सांगत नाही. बँकेचं पासबुक साडीच्या घडीत ठेवतो. यजमानांचा पगार कुणी विचारलाच, तर "भागतंय आपलं" असं म्हणून विषय बदलतो. आणि त्याच घरात रक्ताच्या तपासणीचा रिपोर्ट मात्र दोन-दोन दिवस फ्रिजवर पडलेला असतो! आला-गेला तो उचलतो, वाचतो आणि "अगंबाई, एवढी शुगर?" म्हणून मोकळा होतो. हरवलेलं मंगळसूत्र पोटाला चिमटा काढून का होईना पुन्हा करता येतं. पण बाहेर गेलेली दुखण्याची बातमी काही केल्या परत घरात आणता येत नाही. म्हणून या वेळी हा विषय घेतला आहे. पाककृती पुढच्या वेळी.

सुरुवात दवाखान्यापासूनच करू. आपण जाऊन खुर्चीवर बसतो न बसतो तोच टेबलामागची मुलगी तिथूनच विचारते, "काय होतंय?" आता काय होतंय ते सांगायलाच तर आपण आत जाणार असतो. पण समोर ओळीनं दहा माणसं, त्यातली दोन आपल्याच गल्लीतली, एक आपल्या मुलाच्या वर्गातल्या मुलाचे वडील. बाई बिचारी पुटपुटते, "अंगावरून जातंय." की लगेच पलीकडून खणखणीत प्रश्न, "पांढरं की लाल?" सगळ्या माना वर! मला ठाऊक आहे, तुमच्यापैकी कितीतरी जणींनी अशा वेळी "काही नाही, डोकं दुखतंय" असं सांगून डोकेदुखीच्या गोळ्या घेऊन घर गाठलं असेल. म्हणजे पैसे गेले, वेळ गेला आणि खरं दुखणं तसंच अंगावर राहिलं. गुप्तता ही काही शहरी, शिकल्या-सवरल्या बायकांची थेरं नव्हेत. बाई खरं बोलेल की नाही, हे त्यावर ठरतं आणि खरं बोलली नाही तर डॉक्टर तरी काय करणार?

यावर सोपा उपाय आहे. घरूनच एका चिठ्ठीवर नाव, वय आणि "खासगी तक्रार आहे, डॉक्टरांना सांगेन" एवढं लिहून न्यावं आणि ती चिठ्ठी टेबलावर ठेवावी. आत गेल्यावर पुढचा रोगी स्टुलावर आधीच येऊन बसलेला असेल (आपल्याकडे ही फार वाईट खोड आहे), तर डॉक्टरांना सरळ म्हणावं, "यांना जरा बाहेर बसू द्या." डॉक्टर रागावत नाहीत. उलट बहुतेकांना आपण म्हणेपर्यंत ते लक्षातच आलेलं नसतं. महाराष्ट्रात शुश्रूषागृहांच्या नोंदणीच्या नियमांत जानेवारी २०२१ मध्ये सुधारणा झाली. तेव्हापासून रुग्णांच्या हक्कांची सनद रुग्णालयात लावणं बंधनकारक आहे. तिच्यात गुप्ततेचा हक्क आहे आणि पुरुष डॉक्टर तपासत असताना खोलीत दुसरी स्त्री हजर असण्याचा हक्कही आहे. पुढच्या वेळी गेलात की भिंतीवर शोधा. सापडली नाही तर विचारा.

हे सगळं नवं आहे, इंग्रजांकडून आलं आहे, असंही कुणी समजू नये. चरकसंहितेत वैद्यकी शिकणाऱ्या शिष्याला जो उपदेश आहे, त्यात रोग्याच्या घरातली गोष्ट बाहेर नेऊ नये असं स्पष्ट सांगितलं आहे. (त्याच उपदेशात बाईनं दिलेली वस्तू नवऱ्याच्या परवानगीशिवाय घेऊ नये असंही आहे, तेव्हा सगळंच जसंच्या तसं उचलायला नको!) आजच्या डॉक्टरांना बांधणारी नियमावली २००२ सालची आहे. तिच्याप्रमाणे रोग्याकडून कळलेली गुपितं डॉक्टरांनी उघड करायची नाहीत. अपवाद तीनच. न्यायाधीशांचा हुकूम असेल तर, एखाद्या ठराविक माणसाला किंवा समाजाला गंभीर धोका असेल तर, आणि सरकारला कळवायलाच हवेत अशा रोगांच्या बाबतीत. क्षयरोग २०१२ पासून अशा रोगांत आला. पण 'कळवणं' म्हणजे आरोग्य खात्याला कळवणं. सोसायटीच्या चेअरमनना नव्हे, घरमालकांना नव्हे आणि भिशीतल्या बायकांना तर नव्हेच.

आता एक हकीगत सांगते. गाव सांगत नाही, नाव सांगत नाही, आणि ओळख पटेल असे दोन-चार तपशील बदलले आहेत. माझ्या ओळखीच्या एका शिक्षिका बाईंना छातीत गाठ लागली. धीर करून त्या तपासणीला गेल्या. गाठीचा तुकडा काढला. फॉर्म भरताना धाकटे दीर बरोबर होते. मोबाइलच्या रकान्यात त्यांनी सवयीनं आपला नंबर घातला. चार दिवसांनी रिपोर्ट आला तो दिरांच्या मोबाइलवर. ते कामात होते, इंग्रजी शब्द लांबलचक होते, म्हणून "कुणीतरी बघा रे काय म्हणतोय" असं लिहून त्यांनी तो घरच्या ग्रुपवर टाकला. नागपूरचा एक भाचा फार्मसी शिकतो ना! त्या ग्रुपवर एकतीस माणसं. दुपारी बाई सहावीच्या वर्गावर असताना नणंदेचा रडत फोन आला. शाळेतून घरी पोचेपर्यंत शेजारच्या काकू दारात उभ्या.

आणि गंमत बघा, रिपोर्टात गाठ साधी होती! कर्करोग नाही, असं त्यात चक्क लिहिलं होतं. पण शेवटच्या ओळीपर्यंत वाचतंय कोण? बाईंच्या मुलीचं त्या वेळी एका ठिकाणी जमत आलं होतं. त्या मंडळींनी महिनाभरानं निरोप पाठवला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका तर दोन महिन्यांपूर्वीच पाहून झाली होती.

या हकीगतीत दुष्ट कुणीच नाही. दीर भला माणूस आहे, बाईंना गाडीवरून त्यांनीच नेलं-आणलं. प्रयोगशाळेनंही दिलेल्या नंबरावरच रिपोर्ट पाठवला. चोरी नाही, फसवणूक नाही, तरी एका मुलीचं लग्न अडलं. म्हणून म्हणते, फॉर्मवर मोबाइलचा जो रकाना असतो तो बायकांनी स्वतःच्या हातानं भरावा. स्वतःचा फोन नसेल तर "कागद मी स्वतः येऊन नेईन, फोनवर पाठवू नका" असं त्याच फॉर्मवर लिहावं. आणि कुणा डॉक्टर नातेवाइकाला दाखवायचाच असेल, तर वरचा नावाचा भाग हातानं झाकून फोटो काढावा आणि त्या एकाच माणसाला पाठवावा.

"पण मग घरच्यांपासूनही लपवायचं का?" असं तुमच्या मनात आलंच असेल. लपवणं वेगळं आणि ज्याला गरज आहे त्यालाच सांगणं वेगळं. आमच्या शाळेत एका मुलाला फिट येते. त्याच्या आईनं वर्गशिक्षिकेला गाठून एक चिठ्ठी दिली. फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखान्यात न्या, आणि खाली तिचा फोन नंबर. झालं. ती चिठ्ठी हजेरीपटाच्या आत असते. वर्गातल्या मुलांना, त्यांच्या आयांना, शिपाईमामांना काही सांगितलेलं नाही. मुलगा खो-खो खेळतो. ज्यांना माहीत असायला हवं त्यांना माहीत आहे, बाकीच्यांना नाही. मला ही बाई फार शहाणी वाटते. विम्याच्या फॉर्मवरसुद्धा आजार खराच लिहावा लागतो. तिथं लपवलं तर पुढे दावा नाकारला जातो आणि तेव्हा गुप्ततेचा आधार मिळत नाही.

पण सगळेच प्रश्न इतके सरळ सुटत नाहीत. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयात एक खटला निकाली निघाला. एका तरुणाचं लग्न ठरलेलं होतं. त्यानं नातेवाइकासाठी रक्त दिलं, त्यात एचआयव्ही निघाला आणि रुग्णालयाकडून ते बाहेर कळलं. लग्न मोडलं, समाजानं वाळीत टाकल्यासारखं केलं, गाव सोडावं लागलं. त्यानं भरपाई मागितली. न्यायालय म्हणालं, खासगीपणाचा हक्क आहे, पण त्याला मर्यादा आहेत. जी मुलगी त्याच्या घरात जाणार होती तिच्याही जिवाला, आरोग्याला हक्क आहे. भरपाई नामंजूर. आता तुम्ही-मी त्या मुलीच्या जागी उभ्या राहिलो, तर न्यायालयाचं म्हणणं पटतं. मलाही पटतं. तरी एक खटकत राहतं. त्या मुलीला कळणं आवश्यक होतं. साऱ्या गावाला कळणं कशासाठी आवश्यक होतं?

पुढे २०१७ साली एचआयव्हीसाठी वेगळा कायदा झाला आणि सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्याप्रमाणे समजावून सांगून संमती घेतल्याशिवाय ही तपासणी करायची नाही आणि निकाल इतरांना सांगायचा नाही. जोडीदाराला सांगण्याची वाट ठेवली आहे, पण तीही आधी रोग्याला समुपदेशन करून. आणि त्यात आपल्यासाठी एक महत्त्वाची ओळ आहे. जोडीदाराला सांगितल्यानं मारहाण होईल, घराबाहेर काढलं जाईल अशी रास्त भीती असेल, विशेषतः बाईच्या बाबतीत, तर सांगायचं नाही. दिवस गेल्यावर ही तपासणी केली जाते, त्यामुळे कितीतरी घरांत पहिल्यांदा बाईचाच निकाल हातात येतो आणि दोषही तिच्याच कपाळी लागतो. ज्यांनी ती ओळ लिहिली त्यांना घरं माहीत होती, असं म्हणावं लागेल.

गर्भपाताच्या बाबतीत तर नियम इतके काटेकोर आहेत की मी वाचून थक्क झाले. १९७१ च्या कायद्याखालची २००३ ची नियमावली सांगते की संमतीचा कागद पाकिटात घालून, मोहोर लावून, त्यावर 'गुप्त' असं लिहून ठेवायचा. शस्त्रक्रियेच्या वहीत किंवा केसपेपरवर बाईचं नाव घालायचं नाही, फक्त अनुक्रमांक. नावाची वही कुलपात, आणि शेवटच्या नोंदीनंतर पाच वर्षांनी ती नष्ट. २०२१ च्या दुरुस्तीनं त्यात भर घातली. नाव फोडणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. आणि सज्ञान बाई असेल तर संमती तिचीच लागते. नवऱ्याची सही कायदा मागत नाही. पुष्कळ ठिकाणी अजूनही "मिस्टरांना घेऊन या" असं म्हणतात. यजमानांना बरोबर न्यावं की नाही हे ज्या त्या घराचं आहे, मी त्यात पडत नाही. पण ते कायद्यात आहे असं कुणी सांगितलं, तर ते खरं नाही एवढं लक्षात असू द्या.

मनाच्या दुखण्याबद्दलही २०१७ चा कायदा हेच म्हणतो. उपचार घेणाऱ्याची माहिती गुप्त ठेवायची, तिच्या संमतीशिवाय फोटो किंवा माहिती वर्तमानपत्राला द्यायची नाही. औषधाच्या दुकानात मात्र आपणच जपायला हवं. गोळ्यांची नावं मोठ्यानं वाचून दाखवणारे दुकानदार असतात. तिथंही चिठ्ठी पुढे करावी आणि "हे द्या" म्हणावं.

आता दवाखान्याच्या पुढे जाऊ. आपली माहिती औषधांच्या आणि रोगांच्या संशोधनासाठीही वापरतात. इथं मला एका बाईंची गोष्ट सांगायची आहे. आपल्यासारख्याच संसारी, पाच मुलांची आई. हेन्रिएटा लॅक्स त्यांचं नाव, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय. १९५१ च्या सुरुवातीला त्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात गेल्या. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग निघाला. उपचारांच्या वेळी डॉक्टरांनी गाठीचा तुकडा काढून प्रयोगशाळेत दिला. बाईंना विचारलं नाही. त्या काळी विचारायची पद्धतच नव्हती. त्याच वर्षी ऑक्टोबरात, अवघ्या एकतिसाव्या वर्षी, त्या गेल्या. पण त्या तुकड्यातल्या पेशी मरेनात! काचपात्रात त्या वाढतच राहिल्या. माणसाच्या पेशी अशा अखंड वाढण्याची ती पहिलीच वेळ. पोलिओच्या लसीच्या चाचण्यांपासून पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत त्या वापरल्या गेल्या आणि आजही वापरतात. 'हेला' म्हणतात त्यांना. हेन्रिएटामधला 'हे' आणि लॅक्समधला 'ला'.

आणि घरच्यांना? कितीतरी वर्षं पत्ताच नव्हता. १९७३ साली संशोधक त्यांच्या मुलांच्या रक्ताचे नमुने घ्यायला आले, तेव्हा घरच्यांची समजूत झाली की आपल्याला आईचा रोग आहे का ते तपासताहेत. १९८५ मध्ये एका पुस्तकात तर आईच्या केसपेपरमधला मजकूरच छापून आला, घरच्यांना न विचारता. कल्पना करा, आपल्या आईच्या शेवटच्या दिवसांतल्या वेदनांच्या नोंदी तुम्ही बाजारातल्या पुस्तकात वाचताय! मार्च २०१३ मध्ये युरोपातल्या शास्त्रज्ञांनी त्या पेशींचा जनुकांचा पूर्ण आराखडा जाहीर करून टाकला. जनुकं म्हणजे मुलांची, नातवंडांचीही माहिती ना! घरच्यांनी आक्षेप घेतला, आराखडा मागे घेतला गेला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेशी करार झाला. आता तो आराखडा वापरायचा तर अर्ज करावा लागतो आणि अर्ज पाहणाऱ्या समितीत त्या घरातली माणसं बसतात. बासष्ट वर्षांनी का होईना, घरच्यांना कुणीतरी विचारलं.

ही गोष्ट वाचून "नकोच ते संशोधन" असं मात्र म्हणू नका. त्याच रोगाचा अभ्यास आपल्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात झाला. तीस ते एकोणसाठ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक बायका त्यात होत्या. २००९ साली तो प्रसिद्ध झाला आणि एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यानं कमी होऊ शकतात, हे त्यातून जगाला कळलं. (ज्या गटाची तपासणी केली नव्हती, त्यातल्या बायकांवर अन्याय झाला अशी टीकाही पुढे झाली, आणि ती मला अगदीच गैरलागू वाटत नाही.) बार्शीला १९८७ पासून ग्रामीण भागातल्या कर्करोगाच्या नोंदी ठेवतात. खेड्यातल्या बायकांना कोणता कर्करोग जास्त होतो हे अशा नोंदींवरून कळतं, म्हणजे कुठे काय सोय हवी ते ठरतं. बायकांनी आपलं दुखणं सांगितलं नसतं, तर हे कुठून कळणार होतं? म्हणूनच सांगितलेलं जपणं ही घेणाऱ्याची जबाबदारी ठरते.

"नाव खोडून टाकतो, मग काय भीती?" असं संशोधक म्हणतात. १९९० च्या दशकात अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यानं सरकारी नोकरांच्या रुग्णालयातल्या नोंदी नावं काढून संशोधनाला दिल्या. लतान्या स्वीनी नावाच्या विद्यार्थिनीनं वीस डॉलर देऊन मतदारयादी विकत घेतली आणि जन्मतारीख, स्त्री की पुरुष, आणि पिनकोड एवढं जुळवून खुद्द गव्हर्नरसाहेबांची नोंद शोधून काढली! तालुक्याच्या गावात तर एवढंही लागणार नाही. "वय ४१, शिक्षिका, दोन मुली, ऑपरेशन गेल्या दिवाळीत" असं नावाशिवाय लिहा. भाजीवालीसुद्धा सांगेल कोण ते.

तेव्हा रुग्णालयात एखाद्या अभ्यासासाठी सही मागितली तर गडबडीत करू नका. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ चे नियम आहेत. माहितीचा कागद तुम्हाला कळेल अशा भाषेत मिळायला हवा, त्याची प्रत घरी न्यायला मिळायला हवी, आणि अडचण आली तर कुणाला विचारायचं तो पत्ता त्यावर हवा. माझी माहिती कोण बघणार, किती वर्षं ठेवणार, उरलेल्या रक्ताचं काय करणार, हे तीन प्रश्न विचाराच. नाही म्हटलं तरी नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत, आणि हो म्हणून मधेच सोडलं तरी चालतं. "साहेब म्हणतात म्हणजे करायलाच हवी सही" असं काही नाही.

मोबाइल आणि संगणकांमुळे हे प्रकरण आणखी वाढलं आहे. पूर्वी केसपेपर हरवला तर एक कागद हरवे. डिसेंबर २०१६ मध्ये मुंबईच्या एका प्रयोगशाळेचे ४३ हजारांहून अधिक रिपोर्ट कुणालाही उघडून बघता येतील असे पडलेले सापडले, एचआयव्हीचेसुद्धा. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सच्या संगणकांवर हल्ला झाला आणि कित्येक दिवस तिथं कागद-पेन्सिलीवर काम करावं लागलं. आणि २०२० चा करोना तर आपण कुणीच विसरलेल्या नाही. डाव्या हातावर शिक्के, दारावर चिठ्ठ्या, नावांच्या याद्या फोनवर फिरताहेत. दारावरच्या चिठ्ठ्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२० मध्ये सांगितलं की तसा अधिकृत आदेश नसेल तर त्या लावायच्या नाहीत. तोवर कित्येकींच्या घरचं दूध बंद होऊन गेलं होतं.

हल्ली रुग्णालयात 'आभा' नंबर काढा म्हणतात. चौदा आकडी असतो, तुमचे कागद एका ठिकाणी जोडतो. तो ऐच्छिक आहे. सोयीचा वाटला तर जरूर काढा, पण आपल्याच मोबाइलवर, आणि कागद दाखवायची परवानगी विचारली की वाचून मगच द्या. ओटीपी काउंटरवर मोठ्यानं सांगू नका. माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि माहिती ठेवणाऱ्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांना त्यात दीड वर्षाची मुदत दिली आहे. माहिती नीट सांभाळली नाही तर दंड अडीचशे कोटींपर्यंत. आकडा ऐकून बरं वाटतं. पण तो दंड सरकारी तिजोरीत जातो, जिची माहिती फुटली तिच्या हातात नव्हे. हे मला काही पटलेलं नाही.

घरातली कामं आपल्या हातात आहेत. जुने रिपोर्ट, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्यांचे खोके, केसपेपर रद्दीत घालू नका. नावाचा भाग फाडून बारीक तुकडे करा. शेंगदाण्याच्या पुडीवर आपलं नाव नको. प्रत्येकाचा कापडी पिशवीत वेगळा गठ्ठा ठेवा. आणि आपल्याकडे धुणं-भांड्याला येणाऱ्या बाईंनी आपलं दुखणं विश्वासानं सांगितलं, तर तेही आपल्याच घरात राहू द्या. चार घरची कामं गेली तर त्यांची चूल थंड पडते.

एका भगिनीनं पत्रातून विचारलं आहे की तिचं दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालं, पण रुग्णालय कागद देत नाही, आणि "तुमच्या मिस्टरांनाच देऊ" म्हणतात. ताई, कागद तुमच्या उपचारांचे आहेत. तुम्ही मागू शकता, किंवा तुम्ही लेखी अधिकार दिलेला माणूस मागू शकतो; नवरा म्हणून आपोआप नव्हे. रुग्णाला त्याचेच कागद गुप्ततेच्या नावाखाली नाकारता येत नाहीत, असं मुंबई उच्च न्यायालयानं १९९६ मध्येच सांगितलं आहे. साध्या कागदावर अर्ज लिहा. नाव, दाखल झाल्याची आणि घरी सोडल्याची तारीख, आणि "माझ्या सर्व कागदांच्या प्रती मला द्याव्यात". दोन प्रती करा, एकीवर पोच घ्या. २००२ च्या नियमाप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत त्यांनी दिले पाहिजेत. झेरॉक्सचा खर्च मागतील, तो द्या. नाहीच दिले तर मुंबईच्या महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे डॉक्टरांविरुद्ध तक्रार करता येते, पोचेची प्रत जोडून. मात्र उशीर करू नका. उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षंच कागद ठेवण्याचं बंधन आहे आणि तुमची दोन होऊन गेली आहेत.